मॅग्नेटोची ठिणगी आणि खारा वारा



मालवणकडचे आपले कुणगे लहान. तेथे मोठ्या ट्रॅक्टरपेक्षा पॉवर टिलर सोयीचा. तरीही हँडल मारून सुरू होणारा जुना ट्रॅक्टर ज्याने हौसेने जतन केला असेल, त्याने त्याच्या ठिणगीचे मर्म जाणलेच पाहिजे. हँडल मारणाऱ्याचे मनगट त्यावर अवलंबून असते.

डिझेल यंत्रात दाबलेली हवा इतकी तापते की तेल आपोआप पेटते. पेट्रोल-रॉकेलच्या यंत्राला मात्र ठिणगी लागते. १९१७ च्या फोर्डसनमध्ये चुंबक गतिचक्रावरच बसवलेले होते. पुढे स्वतंत्र मॅग्नेटो रूढ झाला. त्याला बॅटरी नको. चुंबक फिरला की वेटोळ्यात वीज उपजते, पॉइंट उघडताच तिचा दाब हजारो व्होल्टांवर जातो आणि प्लगमध्ये ठिणगी पडते.

चालत्या यंत्रात ही ठिणगी दट्ट्या माथ्यावर पोचण्याआधी पडते. हँडल मारताना तशीच पडली, तर यंत्र उलटा झटका देते. म्हणून पुष्कळ मॅग्नेटोंना स्प्रिंगची जोडणी असते. ती चुंबकाला क्षणभर अडवून झटकन सोडते. ठिणगी उशिरा व जोरकस पडते आणि ‘टक्’ असा आवाज होतो.

आपल्या खाऱ्या, दमट हवेत या जोडणीची खिटी गंजून अडकते. तेव्हा गिअर मोकळा करून, मॅग्नेटो बंद ठेवून, हँडल सावकाश फिरवा आणि तो आवाज ऐका. आला नाही, तर जोडणी खोलून साफ करा. आणि हँडल धरताना अंगठा नेहमी बोटांच्याच बाजूला ठेवा. खालून वर ओढा.