उपाहारगृहाच्या भिंती



मी विंचूरचा राहणारा. नाशिकहून येवल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लासलगांवच्या शेजारीं, कांदा आणि द्राक्षें पिकविणाऱ्या मुलखांत आमचें गांव आहे. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली आणि सारी नोकरी प्राथमिक शाळेंत काढली. अशा माणसानें उपाहारगृहावर बोलावें, याचें आपणांस थोडें नवल वाटेल. आमच्या लहानपणीं 'अमक्याचा मुलगा हॉटेलांत दिसला' एवढें म्हटलें, कीं त्याच्याविषयीं आणखी कांहीं सांगावें लागत नसे. माझे वडील बाजाराच्या दिवशींसुद्धां घरची भाकरी फडक्यांत बांधून नेत आणि एखाद्या झाडाखालीं बसून खात; हॉटेलची पायरी ते चढत नसत.

तरी एकदां ती चढावी लागली. 1971 साल होतें. मी तेरा वर्षांचा होतों. आईचे डोळे दाखविण्यासाठीं आम्ही तिघें नाशिकला आलों होतों. डॉक्टरांकडे दुपार टळली, शिदोरी संपली, आणि परतीची एस. टी. सुटावयास अवकाश होता. वडिलांनीं मोठ्या नाखुषीनें एका हॉटेलांत पाऊल टाकलें. आंत शिरतांच गल्ल्यावरच्या गृहस्थांनीं आईकडे पाहून, 'फॅमिली? मग आंत बसा,' असें फर्मावलें. बाहेरची बैठक प्रशस्त होती. संगमरवरी मेजें, मोठमोठे आरसे, आणि आरशांच्या वर ओळीनें लावलेलीं चौकटींतील चित्रें: लक्ष्मी, सरस्वती, हंसाशीं बोलणारी दमयंती. मीं तीं चालतां चालतां पाहिलीं. आईनें पाहिलीं नाहींत, कारण परक्या पुरुषांच्या मेजांमधून जातांना तिनें पदर पुढें ओढून मान खालीं घातली होती. आम्हांला मिळालेली 'फॅमिली रूम' म्हणजे फळ्यांच्या आडोशाची एक कोंदट खोली. पुढें मळकट पडदा, वर एक दिवा, भिंतीवर कांहीं नाहीं.

परततांना आईनें मला हळूच विचारलें, 'बाहेर भिंतींवर कसलीं चित्रं होतीं रे?' विंचूर येईपर्यंत मी तिला एकेक चित्र सांगत होतों. तिसऱ्यानंतर आठवेना, म्हणून दोन मीं पदरचीं घातलीं. तिचे डोळे पुढें बरे झाले. त्या भिंती मात्र तिनें कधीं पाहिल्या नाहींत.

फॅमिली रूम वाईट हेतूनें निघाली होती असें मला म्हणावयाचें नाहीं. ज्या काळांत स्त्रीनें चहाच्या दुकानांत बसणें हीच अपूर्वाई होती, त्या काळांत पडद्याआड कां होईना, तिला खुर्ची मिळाली. कित्येकांना तर पडद्याआडचीही मिळत नसे. जातीसाठीं हॉटेलांचीं दारें बंद असत, कपबशा वेगळ्या ठेवल्या जात. म्हणूनच 26 जानेवारी 1950 रोजीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या 15 व्या कलमांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें, हॉटेलें यांचीं नांवें मुद्दाम घालावीं लागलीं. ज्या देशांत घटनेला चहाच्या मेजापर्यंत यावें लागलें, तेथें कोण कोणाशेजारीं बसून खातो ही क्षुल्लक गोष्ट समजूं नये.

चित्रांचाही प्रवास असाच लांबचा आहे. तैलचित्र ही पूर्वीं संस्थानिकांच्या महालांतील वस्तु. राजा रविवर्मा यांनीं 1894 सालीं मुंबईंत छापखाना काढला, पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि छापील लक्ष्मी-सरस्वती देवघरांत, दुकानांत, हॉटेलांत जाऊन बसल्या. आईला जीं दिसलीं नाहींत तीं चित्रें त्याच वंशांतलीं. हा मोठा उपकारच होता. पण छापील चित्र स्वस्त आणि सुबक, म्हणून भिंतीवर सर्वत्र तेंच आलें. गांवांतल्या चित्रकाराला त्या भिंतीवर जागा राहिली नाहीं.

जेवण आणि चित्र यांचा मेळ मीं पहिल्यानें मुंबईंत पाहिला. काळा घोड्याजवळचें जहांगीर कलादालन 1952 सालीं उघडलें. त्याच्या एका लांबट, आगगाडीच्या डब्यासारख्या जागेंत उषा खन्ना यांनीं 1964 मध्यें 'समोवार' नांवाचें उपाहारगृह सुरू केलें. 2015 सालीं तें बंद झालें. 1986 मध्यें मी कांहीं कामानिमित्त मुंबईस गेलों असतां त्या दालनाच्या दारापर्यंत गेलों आणि थबकलों. चित्रासमोर उभें राहून काय म्हणावयाचें असतें, हें मला ठाऊक नव्हतें. चहा मागण्यास मात्र विद्वत्ता लागत नाहीं. मी समोवारमध्यें बसलों. शेजारच्या मेजावर एक बाई दोन मुलांना पराठे भरवीत होत्या. मुलें मध्येंच उठून दालनांत पळालीं, त्यांच्यामागोमाग त्या बाई गेल्या, आणि चहा संपवून मीही गेलों. तिकीट नव्हतें, कोणीं कांहीं विचारलें नाहीं.

आतां गेल्या दिवाळीची गोष्ट. माझी मुलगी नाशिकला असते. तिच्या घराजवळच्या गल्लींत एक लहानसें उपाहारगृह आहे. पाटीवर 'कॅफे' असें लिहिलें आहे. मुलगी, जावई, नात आणि मी असे चौघें तेथें जेवावयास गेलों. दहा-बारा मेजें, लहान मुलांसाठीं दोन उंच खुर्च्या, गल्ल्यावर स्वतः मालकीणबाई. मिसळ, थालीपीठ, मसालेभात असले साधे पदार्थ. आणि भिंतींवर चित्रें, तीं याच वस्तींतील माणसांनीं काढलेलीं: एक निवृत्त चित्रकलाशिक्षक, एक गृहिणी, कॉलेजांतलीं दोन मुलें. प्रत्येक चित्राखालीं चिठ्ठी. तींत नांव आणि किंमत.

आमची नात सात वर्षांची. पदार्थ येण्यास उशीर आहे असें पाहून ती उठली आणि चित्रांपुढून फिरूं लागली. आमच्या वेळीं जागा सोडणाऱ्या पोराच्या पाठींत धपाटा बसला असता. येथें लोक खुर्च्या सरकवून तिला वाट देत होते, आणि एका मेजावरच्या आजीबाई तर तिच्या पाठोपाठ उठल्या. मेजावर बसलेल्या पुरुषाची दृष्टि पदार्थाच्या वाटेकडे लागलेली असते. भिंतीकडे पाहतात तीं बायका आणि मुलें. तींच जर पडद्याआड कोंडलीं, तर भिंतीवर चित्र लावून उपयोग काय?

एक गोष्ट मात्र मला खटकली. एका भिंतीवर वारली पद्धतीचा तारप्याचा नाच रंगविला होता आणि त्याखालीं नांव नव्हतें. ही कला मूळची लग्नघराची. गेरूच्या कुडावर तांदळाच्या पिठानें चौक लिहावयाचा तो सुवासिनींनीं. जिव्या सोमा मशे यांनीं ती कागदावर आणून जगापुढें नेली. 2011 सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. मालकीणबाईंना विचारलें, तेव्हां त्या म्हणाल्या, 'रंगाऱ्यानं नमुना बघून काढलंय, गुरुजी.' मीं म्हटलें, 'पेठ-सुरगाणा कांहीं फार लांब नाहीं, बाई.' त्या हंसल्या, रागावल्या नाहींत.

चित्रांच्या विक्रींतून त्या कांहीं घेत नाहींत. चित्रें आहेत म्हणून कुटुंबें येतात, निवांत बसतात, दुसरी कॉफी मागवितात, असा त्यांचा सरळ हिशेब आहे. वर्षाकांठीं चार-पांच चित्रें खपतात. स्वयंपाकघराच्या दाराजवळ मात्र आतां त्या कांहीं लावीत नाहींत. तेलाच्या वाफेनें दोन कागद पिवळे पडले.

त्या गृहिणीचें चित्र गोदाघाटाचें होतें. हा नाशिकच्या चित्रकारांचा जुना विषय. शिवाजी तुपे यांच्या जलरंगांतील घाट आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिले असतील. किंमत 3,500 रुपये. महाग आहे, असें जावईबापू म्हणाले. आमच्या जेवणाचें बिल 1,300 झालें होतें आणि तें कोणाला महाग वाटलें नाहीं. चित्र मीही घेतलें नाहीं. निवृत्तिवेतनाचें कारण पुढें केलें. खरें कारण म्हणजे भाजी घेण्याची संवय आहे, चित्र घेण्याची नाहीं.

नातीनें विचारलें, 'आजोबा, नदीचं पाणी जांभळं कां काढलंय?' गोदावरी मी लहानपणापासून पाहत आलों आहें. पण तिच्या पाण्याचा रंग कोणता, हें मला सांगतां येईना.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही दोघें रामकुंडाच्या पायऱ्यांवर जाऊन उभे राहिलों. मला पाणी मातकट दिसलें. तिनें माझा हात धरून मला दोन पायऱ्या खालीं नेलें आणि म्हणाली, 'तिथं बघा, सावलींत.' तेथें तें खरोखरच जांभळें होतें. ऊन वर येईपर्यंत आम्ही पाहत राहिलों. मग ती म्हणाली, 'आजोबा, भूक लागली. आतां कुठं जायचं?'