सूर सुटल्यावर वादकाचा हात



या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत. अध्यक्षानं सगळ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे, पण मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. संगणकावर संगीत बांधणारी तरुण मंडळी भेटली की तोच प्रश्न पुढे येतो: कोणती सॅम्पल लायब्ररी, म्हणजे संगणकावर वाजवायला मुद्रित केलेल्या सुरांचा कोणता संच, घेऊ? ऑर्केस्ट्रासाठी कोणती, आपल्या वाद्यांसाठी कोणती? खिशात पैसे मोजके असतात, जाहिराती अफाट असतात आणि डेमोमध्ये तर सगळंच सुंदर वाजतं.

माझी कसोटी एकच आहे. सूर सुटल्यावर वादकाचा हात त्या सुरावर किती वेळ राहतो, ते आधी पाहा.

पियानोची हातोडी तारेवर पडली की पट्टी आणि पेडल सोडता वादकाच्या हाती फारसं काही उरत नाही. संतूरचंही तसंच. अशी वाद्यं सॅम्पलमधून जवळजवळ पुरी उतरतात. आपल्या संगीत नाटकातली पायपेटी घ्या. पत्तीचा सूर स्थिर असतो, भात्याचा दाब तेवढा बदलतो. नीट मुद्रित केलेल्या पायपेटीवर नांदीची साथ बिनदिक्कत करता येते. उलट सारंगीत नखाच्या मुळाशी टेकलेली तार आणि गज यांवरचा ताबा वादक क्षणभरही सोडत नाही. सारंगीचा एक सूर मुद्रित केला, तर तो कुठून आला आणि कुठे निघाला होता, हे त्यात नसतंच.

तबल्यात तर एकाच जोडीत दोन्ही गोष्टी आहेत. दायाँवर ‘ना’ वाजला की बोट उठतं, सॅम्पल पुरा होतो. डग्ग्यावर ‘घे’ वाजल्यावर मनगट पुडीवर सरकत राहतं आणि घुमारा चढतो, उतरतो. म्हणून लायब्ररीतला तबला ऐकायला बसलात तर दायाँवर वेळ घालवू नका. डग्गा ऐका. घसरत्या ‘घे’चे किती प्रकार आहेत, दाब कमी-जास्त करता येतो का, ते पाहा. दायाँबद्दल एवढंच विचारा की तो किती पट्ट्यांत मुद्रित केला आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं होतं की शाईमुळे आपल्या चर्मवाद्यांचे उपस्वर सुरेल जुळतात. म्हणूनच दायाँ षड्जाला लागतो. काळी एकचा दायाँ संगणकानं ओढून काळी चारला नेला, तर स्वर जुळेल, पण लाकडाचा आवाजही त्याबरोबर वर जाईल आणि कानाला खेळण्यातला तबला लागेल.

हाच दोष सतारीच्या मिंडेत मोठा होतो, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. खरी तार ओढली की स्वर चढतो, पण भोपळा आणि तबली जिथल्या तिथे असतात, त्यांचा गुंजारव बदलत नाही. पिचबेंडच्या चाकानं सॅम्पल ओढला की तारेबरोबर भोपळाही ओढला जातो. शिवाय तरफा. खऱ्या सतारीत मागच्या स्वरानं जागवलेल्या तरफा पुढच्या स्वराखाली वाजत असतात. सुटे मुद्रित केलेले स्वर एकमेकांना ओळखत नाहीत. मी कितीही महागडी सतार संगणकात घेतली, तरी आलापाची एक ओळ तिच्याकडून घेणार नाही. झाल्याचा एखादा तुकडा, चिकारीचा ठोका, तरफांचा झंकार एवढंच मागेन. तेवढं ती उत्तम देते.

आता पाश्चात्त्य वाद्यवृंद. त्याच्या लायब्ऱ्यांचा इतिहास म्हणजे हा निसटलेला हात परत पकडण्याची धडपड आहे. १९६३ साली बर्मिंगहॅममध्ये मेलोट्रॉन तयार झाला. त्यात प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा होता आणि सूर आठेक सेकंदांत संपायचा. १९७९ साली ऑस्ट्रेलियात फेअरलाइट आला आणि सॅम्पल टेपवरून स्मृतीत गेला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गिगासॅम्पलर थेट हार्डडिस्कवरून वाजवू लागला, तेव्हा कुठे लांब सूर न कापता ठेवता आले. मग व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररीनं एक मोठं पाऊल टाकलं. तिचे संस्थापक हर्ब टुकमांडल स्वतः चेलोवादक. दोन स्वरांच्या मधली वाट त्यांनी वेगळी मुद्रित करून घेतली: सा वरून रे, सा वरून ग, सा वरून म, तसंच उतरताना, प्रत्येक स्वरापासून. त्यालाच आज आपण लेगॅटो पॅच म्हणतो. चेलो हाती घेतलेल्या माणसालाच ही निकड वाटावी, यात मला नवल वाटत नाही.

म्हणून ऑर्केस्ट्रासाठी पैसे खर्च करताना वाद्यांची यादी नंतर वाचा, आधी लेगॅटो वाजवून पाहा. हळू चाल, जलद चाल, आणि एकाच स्वराची पुनरुक्ती. काही पॅचमध्ये स्वर पट्टी दाबल्यानंतर पाव सेकंदानं किंवा त्याहूनही उशिरा पोचतो. तो दोष नव्हे, मधली वाट वाजायला वेळ लागतो. पण मिडीमधला तुकडा तेवढा आधी सरकवावा लागतो, आणि उद्या सकाळी मालिकेचा भाग द्यायचा असेल तर हे ठाऊक असलेलं बरं. दुसरी परीक्षा मॉडव्हीलची, म्हणजे सुराचा जोर बदलणाऱ्या चाकाची. बासरीचा एकच लांब सूर धरा आणि चाक हळूहळू वर न्या. हळू आणि जोरकस असे दोन थर एकमेकांत मिसळताना मध्येच दोन बासऱ्या ऐकू आल्या, तर त्या लायब्ररीची एकल वाद्यं तुमच्या कामाची नाहीत. व्हायोलिनच्या ताफ्यात हे लपतं. सोळा हात एकत्र असले की एकेका हाताची लकब आपोआप विरघळते; त्यामुळे समूह-व्हायोलिन संगणकात छान वाजतात आणि एकल व्हायोलिन उघडं पडतं. समूह विकत घ्या, त्यावर एक खरा व्हायोलिनवादक बोलवा. त्या एका हातानं बाकीचे सोळा जिवंत वाटू लागतात. हा माझा सगळ्यात खात्रीचा सल्ला आहे.

खोलीबद्दल थोडक्यात. व्हिएन्नाच्या जुन्या लायब्ऱ्या कोरड्या, मुद्दाम बांधलेल्या शांत स्टुडिओतल्या. गुंजारव आपण द्यायचा. लंडनच्या स्पिटफायरच्या बऱ्याच लायब्ऱ्या लिंडहर्स्ट हॉलमधल्या, म्हणजे एका जुन्या चर्चमधल्या. ते दालन आवाजात मुरलेलं असतं, काढता येत नाही. मराठी भावगीताच्या मागे, गायकाच्या कानाशी वाजावीत अशी व्हायोलिनं हवी असतील, तर ते चर्च आड येतं. ऐतिहासिक चित्रपटाच्या पार्श्वसंगीताला तेच हवंसं वाटतं. आकाराला भुलू नका. स्पिटफायरची बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ही लायब्ररी मेडा व्हेल स्टुडिओत मुद्रित झाली. तिची सर्वांत लहान आवृत्ती मोफत मिळते, सुमारे २०० एमबीची. मोठी आवृत्ती सुमारे ६०० जीबीची. नवशिक्यानं वर्षभर लहानीवर काम करावं. व्हायोला कुठपर्यंत खाली जातो, ओबो कुठे कर्कश होतो, हे तिच्यावर शिकता येतं आणि तिला फारशी रॅम लागत नाही.

एक आवाज मात्र लंडन-व्हिएन्नाच्या लायब्ररीत सापडणार नाही. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोव्याच्या संगीतकारांनी मुंबईच्या स्टुडिओत व्हायोलिनचे ताफे घडवले. आपल्याकडे अनिल मोहिले यांनी तीच विद्या मराठी गाण्यात आणली. गायकाची मींड ऐकून अख्खा ताफा एका स्वरावरून दुसऱ्यावर एकत्र घसरायचा. युरोपातला वादक एवढं घसरणं टाळतो, म्हणून ते त्याच्याकडून मुद्रितही झालं नाही. जुन्या गाण्याची आठवण जागवायची असेल, तर लायब्ररीचा पोर्टामेंटो वापरून ती नक्कल साधत नाही. चार वादक बोलवून चार वेळा वाजवून घ्या.

‘वर्ल्ड’ या नावाखाली मिळणाऱ्या पेटाऱ्यांबद्दल माझं मत कडक आहे. एक सतार, एक ऊद, एक दुदुक, एक कोरा, प्रत्येकाचे दोन-चार प्रकार. चित्रपटात वाळवंट दिसलं की दुदुक लावायचा, ही सवय त्यांतूनच लागते. दुदुक आर्मेनियाचा आहे. तो वाजवणाऱ्या माणसाचा श्वास तुम्ही एकदाही ऐकला नसेल तर तो पॅच उघडू नका. एका वाद्याची खोल लायब्ररी पन्नास वाद्यांच्या उथळ लायब्ररीपेक्षा नेहमी स्वस्त पडते, कारण ती पुन्हा पुन्हा वापरली जाते.

आणि आता या परिषदेपुढे एक प्रस्ताव. आपली वाद्यं आपण मुद्रित करूया. संबळ, हलगी, दिमडी, टाळ, तुणतुणं: आघात झाला की हात उठतो, म्हणून ही आधी घ्यावीत. प्रत्येक आघाताचे हलक्यापासून जोरकसपर्यंत थर, आणि प्रत्येक थराच्या किमान आठ-दहा वेगळ्या आवृत्त्या, नाहीतर हलगीचा कडकडाट मशीनगनसारखा वाजतो. गोव्याचा घुमट अवघड. एका हातानं चामडं वाजतं आणि दुसरा हात मडक्याचं तोंड झाकत-उघडत असतो, तो दुसरा हात वेगळा पकडावा लागेल. चौंडकं त्याहून अवघड, तारेचा ताण सतत बदलतो. सोलापूरकडच्या सुंदरीत वादकाची फुंकर सुरावरून हटतच नाही, म्हणून ती सॅम्पलमध्ये घेऊच नये. तिची पुरी स्वरवाक्यं, सलग वाजवलेली, रागानुसार मुद्रित करावीत.

यात वादकाला एकरकमी बिदागी देऊन वाटेला लावायचं नाही. त्याचा एक आघात पुढे शेकडो गाण्यांत वाजणार आहे आणि त्यातल्या कित्येक ठिकाणी त्याचं काम जाणार आहे, हे त्याला आधी सांगितलं पाहिजे. विक्रीतला वाटा, लायब्ररीच्या पहिल्या पडद्यावर नाव, गावाचं नाव, आणि त्याच्या आवाजावरून यंत्राला वादन शिकवायचं असेल तर वेगळी परवानगी व वेगळं मानधन, एवढं करारात लिहिलेलं असावं. करार मराठीत असावा. गोंधळी समाजातल्या आणि हलगीवाल्या वादकांनी तो वाचून, विचारून, मगच सही करावी. मसुदा मी सोबत आणला आहे. दुपारच्या सत्रात त्याच्या प्रती वाटल्या जातील; हरकती लेखी द्या, आणि वादकांच्या हरकती आधी वाचल्या जातील.