शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र



आम्ही डॉक्टर नव्हे, बँकेतले कारकून. तरी या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, कारण आत्याबाईंच्या उशाशी दवाखान्यात एक रात्र आम्ही जागून काढली. पित्ताशयाची शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली होती. रात्री त्या घोरू लागल्या. आम्हाला वाटले, गाढ झोप लागली. मध्येच घोरणे थांबे, छाती हाले पण श्वास येत नसे. मग एकदम गुदमरून जाग आल्यासारखा आवाज. बोटाला लावलेल्या यंत्रावर आकडा ९४ वरून ८४ वर उतरला, तेव्हा परिचारिका धावल्या. त्यांनी उशाकडची बाजू उंच केली, प्राणवायू लावला.

घरी त्या वर्षानुवर्षे अशाच घोरत. "आणखी काही त्रास?" असे डॉक्टरांनी आधी विचारलेही होते. घोरणे हा त्रास असू शकतो, हे आम्हालाच ठाऊक नव्हते!

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींची श्वासाची वाट तेव्हा दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ बंद होते. एरवी मेंदू जागा होऊन श्वास सुरू करतो. भुलीचा उरलेला अंमल आणि अफूच्या जातीची वेदनाशामक औषधे ही जागच मंद करतात. त्यात पोटाला टाके. दुखते म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण निरोगी माणसात साधारण ९५ ते १०० टक्के असते. ९० च्या खाली गेले की धोका.

आपल्या मुलचेरा भागात याला आणखी एक बाजू आहे, सिकलसेलची. विदर्भातील आदिवासी आणि आपल्या समाजातही हा आजार आहे. प्राणवायू कमी झाला की या रुग्णांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. वाहकांना सहसा त्रास होत नाही, पण रुग्णाला ती रात्र जिवावर बेतू शकते. भारतात हा आजार १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत प्रथम नोंदला गेला. १ जुलै २०२३ रोजी त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तपासणी होते, कार्ड मिळते. परंतु मुलीचे लग्न मोडेल म्हणून ते कार्ड पेटीच्या तळाशी ठेवणारी घरे आम्हाला ठाऊक आहेत. सोयरिकीचा प्रश्न नंतर पाहू. भूल देणाऱ्या डॉक्टरांपुढे तरी कार्ड ठेवा.

इथून अहेरी, गडचिरोली वा चंद्रपूर गाठेपर्यंत सोबतचा माणूस थकलेला असतो, खाटेखाली अंग टाकतो. म्हणून दोघे जा, आळीपाळीने जागा. पुढे आत्याबाईंच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी आम्ही कागदावर पहिलीच ओळ लिहून नेली: 'झोपेत घोरतात, श्वास थांबतो.' डॉक्टरांनी ती दोनदा वाचली.