औषधाच्या चिठ्ठीपलीकडे
(मंडळाच्या सभेतील भाषण)



बैहरकडून एखादी आई हडकुळे मूल घेऊन बालाघाटला येते. डॉक्टर टॉनिक लिहितात, "दूध, डाळ, अंडी द्या," असे सांगतात. पण घरी डाळ आहे का, हे कोण विचारणार?

दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की मूल अतितीव्र कुपोषित धरतात. सरकारी पोषण पुनर्वसन केंद्रात त्याला साधारण १४ दिवस ठेवतात. आईला जेवण व बुडालेल्या मजुरीची भरपाईही मिळते. तरीही घरी दुसरे लेकरू असते, धानाची कापणी येते, आणि आई मुदतीआधीच निघते. ते शेत कोणाचे? पुष्कळदा आपलेच.

मेळघाटात बैरागडच्या डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांनी हे ओळखले. दवाखान्याबरोबर त्यांनी शेतीत आणि रेशनच्या प्रश्नातही लक्ष घातले. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आमचे म्हणणे साधे आहे. बालरोगतज्ज्ञांनी दोनच प्रश्न विचारावेत : रेशनकार्ड चालू आहे का? घरची इतर मुले कोण सांभाळते? पुढची धावपळ त्यांच्यावर नको, त्यांच्या दाराशी रांग असते. त्यासाठी रुग्णालयात स्वतंत्र मदतनीस हवा, हे आपण आमदारांकडे लावून धरू. नागपूरला मजुरीस जाणाऱ्यांना तिथेही याच कार्डावर धान्य मिळते, हे त्यांना सांगू.

आणि केंद्रात राहिलेल्या आईचे काम आपण राखून ठेवू. एवढे तरी आपल्या हातात आहे.