पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या होडीची टाकी

दोन-तीन महिने उभ्या राहिलेल्या होडीच्या टाकीतले इंधन होते तसे राहत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. मे अखेरीस होड्या वर ओढून शाकारल्या जातात. काही होड्या तर दुरुस्तीच्या खर्चापायी वर्षवर्षभर तशाच उभ्या राहतात. दिवसा टाकी तापली की आतली हवा फुगून व्हेंटच्या नळीवाटे बाहेर जाते. रात्री गार झाली की बाहेरची दमट हवा आत येते. त्या हवेतले बाष्प टाकीच्या उघड्या भिंतींवर जमते, ओघळते आणि डिझेल किंवा पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाला जाऊन बसते. टाकी जितकी रिकामी, तितके हे पाणी अधिक. डेकवरच्या झाकणाचा रबरी वायसर झिजला असेल, तर पावसाचे पाणी थेटच आत उतरते.

ट्रॉलरच्या डिझेलमध्ये या पाण्यामुळे एक वेगळीच उपद्रवी वस्ती होते. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना भिडतात, त्या सीमेवर जीवाणू आणि बुरशी वाढतात. ओलावा खालून, अन्न वरून. त्यांचा काळपट, बुळबुळीत थर फिल्टर चोंदवतो आणि त्यांच्यापासून निघणारी आम्ले टाकीचा पत्रा कुरतडतात. बाजारात मिळणारे जंतुनाशक ओतले की ही वाढ मरते, पण मेलेला थर टाकीतच राहतो आणि सुटून फिल्टरकडे धावतो. औषध साफसफाईनंतर वापरायचे असते, साफसफाईऐवजी नव्हे.

बाहेरून बसवलेल्या पेट्रोल इंजिनांची गोष्ट निराळी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत एथेनॉल असते आणि एथेनॉल पाणी शोषून घेते. थोडे पाणी पेट्रोलमध्ये विरघळून राहते. मर्यादा ओलांडली की पाणी आणि एथेनॉल मिळून वेगळे होतात व तळाशी थर धरतात. वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन घटलेला असतो. हे पुन्हा एकजीव करणारे औषध नाही, तसा दावा डब्यावर छापलेला असला तरी. शिवाय पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात, म्हणून इंजिन सुरू होता होत नाही. आणि उरलेल्या भागाचा चिकट राळेसारखा थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतो. फायबरच्या काही जुन्या टाक्यांचे रेझिनसुद्धा एथेनॉलने मऊ पडते.

म्हणून किल्ली फिरवण्याआधी तळाचा नमुना काढावा. टाकीच्या सर्वांत खोल भागात नळी सोडून थोडे इंधन काचेच्या स्वच्छ बरणीत घ्यावे आणि रात्रभर हलवू नये. सकाळी थर आपोआप दिसतात. डिझेलखाली पाणी आणि मध्ये काळी साय असेल, तर टाकी उघडावीच लागते. पेट्रोलमध्ये दोन थर दिसले, तर सगळेच काढावे. पट्टीला लावून पाणी तपासण्याची पेस्ट मिळते. मात्र एथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी वेगळी पेस्ट लागते, साधी पेस्ट फसवते.

इंधन काढताना तोंडाने नळी ओढण्याची सवय किनाऱ्यावर सर्रास आढळते. ती सोडावी. चुकून घोटभर पेट्रोल फुप्फुसात गेले, तर न्यूमोनियासारखा गंभीर आजार होतो. अशा माणसाला उलटी करायला लावू नये, दवाखान्यात न्यावे. हातपंप वापरावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे ती होडीच्या पोटात साचून राहते आणि स्विचच्या ठिणगीनेही पेटते. काम उघड्यावर, वाऱ्यात, बॅटरीच्या तारा काढून करावे. विडी-सिगारेट लांब ठेवावी. सुटी टाकी असेल तर ती होडीतून उतरवून जमिनीवर ठेवूनच रिकामी करावी.

रिकामी टाकी निर्धोक असते, हा समज त्याहून घातक. भरलेल्या टाकीत वाफेला जागा कमी असते. रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा यांचे पेट घेणारे मिश्रण तयार असते. भोक बुजवण्यासाठी अशा टाकीवर वेल्डिंगची ठिणगी पडली की स्फोट होतो. मोठ्या टाकीत डोके घालणेही टाळावे. आत प्राणवायू अपुरा असू शकतो.

उपसणारी नळी तळापासून थोडी वर संपते, म्हणून गाळ उरतोच. तपासणीचे झाकण काढून, लांब दांड्याला धागे न सुटणारे कापड बांधून तो पुसावा. कॉटन वेस्टचे धागे पुढे फिल्टरमध्ये सापडतात. शेवटी लिटर-दोन लिटर ताजे इंधन फिरवून तेही काढावे. साबणाच्या पाण्याने धुणे म्हणजे जे काढायचे तेच पुन्हा भरणे.

टाकी स्वच्छ झाली तरी जुने इंधन वाटेत अडकलेले असते. डिझेल इंजिनात पाणी वेगळे करणारी वाटी रिकामी करून दोन्ही फिल्टर बदलावेत, मग हाताने फीड पंप मारून एअर काढावी. पाणी नोझलपर्यंत पोहोचले, तर तिथल्या उष्णतेने त्याची वाफ होऊन नोझलचे टोक तुटू शकते. पेट्रोल इंजिनात तडकलेला पाइप व रबरी बल्ब बदलावा, कार्बोरेटरचा तळाचा स्क्रू सोडून साचलेले काढावे. जेट टाचणीने किंवा तारेने कोरू नये. भोक वाढले की इंजिन जास्त पेट्रोल पिते. क्लीनर आणि दाबाची हवा पुरते.

काढलेले इंधन वाळूत किंवा खाडीत ओतणे ही या कामातली सर्वांत वाईट सवय. तिसऱ्या ज्या चिखलात वाढतात, तिथेच ते मुरते. निवळ डिझेल गाळून थोडे थोडे ताज्यात मिसळून वापरता येते. पाणी आणि गाळ मिसळलेले तेल मात्र झाकण लावलेल्या डब्यात साठवून नोंदणीकृत पुनर्प्रक्रियादाराकडेच द्यावे.

पुढच्या मेमध्ये डिझेलची टाकी प्रसरणापुरती जागा सोडून भरावी. पेट्रोलची रिकामी करावी आणि कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवावे. व्हेंट कधीही बुजवू नये, त्यावर जाळी असावी.

बंदरातल्या शांत पाण्यात इंजिन तासभर नीट चालले, म्हणजे टाकी साफ झाली असे नव्हे. कोपऱ्यांत चिकटलेला गाळ पहिल्या लाटेच्या हेलकाव्यांनी सुटतो आणि इंजिन नेमके खडकाजवळ बंद पडते. हंगामाच्या पहिल्या फेरीत जास्तीचे दोन फिल्टर आणि ते बदलता येणारा खलाशी होडीवर असल्याशिवाय तांडेलाने बंदर सोडू नये.