बदलते हवामान आणि आपली कणगी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



जगाच्या शेतीवर बदलत्या हवामानाचा परिणाम काय होतो, यावर मी दोन शब्द बोलावेत अशी मंडळाची आज्ञा झाली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, विषय जगाएवढा. परंतु जगाची शेती म्हणजे अखेर जगाची भाकरी, आणि भाकरीविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला आहेच.

प्रथम हे घडते कसे ते पाहू. दगडी कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळल्यावर जो वायू निघतो, तो पृथ्वीभोवती पांघरुणासारखा साचतो. सूर्याची ऊब आत येते, पण बाहेर जायला तिला अटकाव होतो. त्यामुळे दीडशे वर्षांपूर्वीच्या मानाने पृथ्वी एक अंशाहून अधिक तापली आहे. एक अंश ऐकायला थोडा वाटतो. पण हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक वाफ धरू शकते. म्हणून पाऊस येतो तेव्हा एकदम ओततो आणि दडी मारतो तेव्हा जमिनीतली ओल लवकर उडून जाते.

एखाद्या वर्षाच्या पावसावरून हवामान बदलले असे म्हणू नये हे खरे. दुष्काळ आणि पूर पूर्वीही होते. परंतु आता त्यांच्या फेऱ्या जवळजवळ येऊ लागल्या आहेत. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. नेमका तो सोयाबीनला फूल आणि शेंग धरण्याचा काळ. पुढच्याच वर्षी, २०२४ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला, हिंगोली, परभणी, नांदेड जिल्ह्यांत अतिवृष्टी झाली. २०२५ च्या सप्टेंबरात तर मराठवाड्यात ठिकठिकाणी उभे पीक मातीसकट वाहून गेले. हळदीचेही तसेच. शेतात पाणी साचून राहिले की कंद कुजतो. आणि शिजवून वाळत घातलेल्या हळदीवर अवकाळी पाऊस पडला की नऊ महिन्यांच्या कष्टांचा रंग उतरतो.

हे केवळ आपल्याकडेच घडत आहे असे नाही. आपले नामदेव महाराज ज्या पंजाबात घुमानला जाऊन राहिले, त्या पंजाबातला गहू २०२२ साली दाणा भरण्याच्या वेळीच उन्हाने होरपळला आणि बारीक राहिला. तो मार्च देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च होता. मे महिन्यात सरकारने गव्हाची निर्यात बंद केली. पुढच्या वर्षी जुलैत साध्या पांढऱ्या तांदळाचीही केली. त्यामुळे आपला तांदूळ घेणाऱ्या कितीतरी गरीब देशांची पंचाईत झाली. तापमान एक अंश वाढले तर जगात मक्याचे उत्पन्न सुमारे सात, गव्हाचे सहा, आणि भात व सोयाबीनचे तीन टक्क्यांच्या आसपास घटते, असा हिशेब शास्त्रज्ञांनी २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून मांडला आहे.

आता यात आपण बायकांनी काय समजून घ्यायचे? १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आपल्या सासवांनी आपल्याला सांगितल्या आहेत. तेव्हा अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाऊन आणि खडी फोडून लोक जगले. त्या वर्षी आपल्याकडे नव्हते, पण दुसऱ्याकडे होते, म्हणून निभावले. पुढे मात्र एकाच वर्षी इथेही ऊन आणि तिथेही ऊन, असे वारंवार होण्याचा धोका आहे. तेव्हा प्रत्येक देश आधी आपली कणगी झाकील. म्हणून मला वाटते, घरच्या शेतात घरचे थोडे तरी धान्य असलेच पाहिजे.

आज खरिपात पाहावे तिकडे सोयाबीन आहे. त्याला कारणही आहे. पीक लवकर निघते, दिवाळीला हातात पैसा येतो, मुलांची फी भरता येते. सोयाबीन सोडा असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु सगळे रान एकाच पिकाचे असले, तर एक वाईट आठवडा सारे वर्ष घेऊन जातो. जुन्या बाया मूग, उडीद, ज्वारी, तूर, तीळ, अंबाडी असे मिळून पेरीत, त्यात शहाणपण होते. मूग भाद्रपदाच्या पावसाने गेला तरी तूर पौषात येते. तुरीचे मूळ खोल जाते, ती उघडीप सोसते. एका तडाख्यात सगळेच जात नाही.

हे आपल्या मराठवाड्यातल्याच भगिनींनी करून दाखविले आहे. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत दुष्काळाच्या वर्षांत 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेबरोबर बायकांनी घरच्यांकडून एकेक एकर, कुणी अर्धा एकर मागून घेतला. त्यात थोड्या पाण्यावर कडधान्ये, धान्य आणि भाजीपाला घेतला. बियाणे त्यांनी निवडले, खत घरचे घातले. आधी घराला पुरवले आणि उरले ते विकले. २०१६ साली या संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्या बायकांच्या नावावर सातबारा होताच असे नाही. त्यांनी फक्त मागण्याचे धाडस केले. खुरपणी आपण करतो, काढणी आपण करतो, पण पेरायचे काय हे ठरते तेव्हा आपण चुलीपाशी असतो. भगिनींनो, निदान एका एकराच्या बाबतीत तरी हे बदलावे. एकर नाही तर अर्धा. तोही नाही तर धुऱ्याकडेची चार तासे मागा.

दुसरी गोष्ट घरबसल्या करण्यासारखी आहे. सोयाबीनचे बी नाजूक असते. काढणीत भिजले की उगवण कमी होते. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि आठवड्याने मोजावेत. सत्तर किंवा अधिक उगवले तर एकरी तीस किलो बी पुरते. कमी उगवले तर त्या मानाने बी वाढवावे. आणि पहिल्या सरीला हुरळून पेरा करू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा येऊ द्यावा. दुबार पेरणीचा खर्च अखेर आपल्याच डागिन्यांवर येतो.

ज्या बहिणींना शेत नाही त्यांचे काय, हाही प्रश्न आहे. पीक गेले की खुरपणी-काढणीची मजुरी आधी त्यांची बुडते. तेव्हा मिश्र पेऱ्यातले जास्तीचे मूग, तूर, ज्वारी मंडळाने सुगीतच वाजवी दराने घेऊन ठेवावी आणि पावसाळ्यात त्याच दराने या बहिणींना द्यावी. तसेच राख व कडुलिंबाचा पाला घालून गावरान बियाण्याची मडकी मंडळात ठेवावी. नेईल तिने सुगीला दुप्पट परत करावे.

जगाचे तापमान उतरवणे आपल्या हाती नाही. ज्यांनी अधिक धूर केला त्या मोठ्या देशांनी ते केले पाहिजे. परंतु आपल्या घरात काय पेरावे, काय साठवावे, यावर बोलणे आपल्या हाती आहे. येत्या मृगापूर्वी निदान दहा घरांतून एकेक तुकडा मागितला जावा, अशी मी मंडळाला विनंती करते. माझे नाव त्या यादीत पहिले लिहावे.

 नामदेव महाराजांना वंदन करून मी आपली रजा घेते.