बाजार समितीचे कारभारी



सुगी आटोपत आली की खेड्यापाड्यांतून एकच प्रश्न ऐकू येतो : 'काय भाव निघाला?' पारावर, एस. टी.त, देवळाच्या ओट्यावर, जिथे म्हणून चार शेतकरी जमतील तिथे हाच विषय. आणि ते साहजिकच आहे. वर्षभराच्या कष्टांचे मोल त्या एका आकड्यावर ठरायचे असते. पण हा आकडा ज्या आवारात निघतो, त्या आवाराचा कारभार कोण पाहतो, हे आपण सहसा विचारीत नाही. भावाची चौकशी सगळे करतात, कारभाऱ्याची फारसे कोणी करीत नाही. आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते या कारभाऱ्यांविषयी, म्हणजे आपल्या कृषी उत्पन्न बाजार समित्या चालविणाऱ्या माणसांविषयी.

आधी थोडी मागची हकिकत सांगतो. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या काळचा शेतकरी गाडी जुंपून बाजाराला जाई, तेव्हा तो तिथे परकाच असे. जागा व्यापाऱ्याची, काटा व्यापाऱ्याचा, तोलणारा माणूस त्याचा आणि वहीही त्याचीच. भाव ठरे तोही रुमालाखाली. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून सौदा करीत, आणि मालाचा धनी शेजारी उभा राहून नुसता रुमाल पाही! मग हिशेबाच्या पट्टीतून अडत जाई, हमाली जाई, तोलाई जाई, कडता जाई, आणि शेवटी धर्मादायही जाई. म्हणजे दान शेतकऱ्याचे आणि पुण्य दुसऱ्याचे.

या कारभाराला पहिला लगाम बसला तो वऱ्हाडात. १८८६ साली कारंजा येथे कापसाचा बाजार सरकारी नियमाखाली आला, आणि १८९७ साली वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याच्या मुळाशी शेतकऱ्याच्या कणवेपेक्षा गिरण्यांची गरज अधिक होती. त्यांना चांगला कापूस नियमित हवा होता. पुढे १९२७ साली मुंबई इलाख्यात कापूस बाजाराचा कायदा आला. १९२८ साली शाही कृषी आयोगाने अशा नियंत्रित बाजारांची शिफारस केली. १९३९ साली मुंबई इलाख्यात सर्वच शेतमालासाठी कायदा झाला. आणि महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर, १९६३ साली, आजच्या बाजार समित्या ज्यावर उभ्या आहेत तो कायदा विधिमंडळाने केला. त्याचा अंमल १९६७ पासून सुरू झाला. आज राज्यात अशा सुमारे तीनशे समित्या आहेत.

या कायद्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट कोणती, सांगू? बाजार कोणाच्या हाती असावा, या प्रश्नाला त्याने सरळ उत्तर दिले आहे. सर्वसाधारण बाजार समितीत निवडून येणाऱ्या जागा अठरा. त्यांपैकी पंधरा शेतकऱ्यांच्या. व्यापारी आणि अडते यांच्या मिळून दोन. आणि हमाल-मापाडी यांची एक. सभापतीच्या खुर्चीवर बसायचे तेही शेतकऱ्यांच्या प्रतिनिधीनेच. म्हणजे एके काळी जो परका होता, त्याला कायद्याने घरधनी केले.

आता तुम्ही म्हणाल, 'गुरुजी, पंधरा जागा आमच्या आहेत, तर मग आमची पट्टी चुकते कशी? पैसे अडकतात कसे?' प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर समजून घेण्यासाठी हे पंधरा जण येतात कोठून, ते पाहिले पाहिजे.

पंधरांपैकी अकरा जणांना निवडून देतात ते गावोगावच्या विविध कार्यकारी सोसायट्यांचे संचालक. उरलेल्या चौघांना निवडून देतात ग्रामपंचायतींचे सदस्य. ज्याने कांदा पिकवला, ज्याने सोयाबीन काढले, तो साधा शेतकरी या निवडणुकीत स्वतः मत टाकीत नाही. २०१७ साली कायद्यात बदल करून किमान दहा गुंठे जमीन असलेल्या आणि बाजारात माल आणणाऱ्या शेतकऱ्याला थेट मत दिले गेले होते. २०२० साली तो बदल मागे घेण्यात आला. थेट मताच्या बाजूचे लोक म्हणतात की, ज्याचा माल त्याचे मत हवे. विरुद्ध बाजूचे म्हणतात की, एवढ्या मोठ्या मतदानाचा खर्च समित्यांना पेलवत नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण तुमच्या-आमच्या दृष्टीने धडा एकच. जो शेतकरी म्हणतो, 'सोसायटीची निवडणूक म्हणजे पुढाऱ्यांचा खेळ, आपल्याला काय त्याचे?' त्याने सोसायटीबरोबर बाजारही दुसऱ्याच्या हवाली केलेला असतो. सोसायटीत आज निवडून गेलेला माणूसच उद्या तुमच्या वतीने बाजार समितीचे मत टाकणार असतो. एका दोरीची ही दोन टोके आहेत.

बरे, निवडून आलेल्या संचालकाचे काम तरी काय? निवडणुकीत गुलाल उधळला जातो, हार पडतात, फलकावर नाव लागते. खरे काम त्यानंतर सुरू होते, आणि ते कार्यालयात कमी, आवारात जास्त असते.

नाशिक जिल्ह्यातले लासलगाव आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तिथली बाजार समिती १९४७ सालची. कांद्याच्या हंगामात सकाळी आवारात ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. लिलाव पुकारणारा आणि त्याच्यामागे व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॅक्टरवरून दुसऱ्याकडे सरकत जातो. वरच्या थरातले चार कांदे हातात घेऊन पाहायचे, बोली बोलायची, आणि घटकाभरात चार महिन्यांच्या पिकाचा भाव ठरून जातो. भाव ठरला की गाडी वजनकाट्यावर जाते आणि तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर. पुष्कळदा खरी गोष्ट इथेच घडते. माल खाली होऊ लागला की खरेदीदार म्हणतो, 'वर एक आणि खाली दुसरेच, या भावाने घेत नाही.' यालाच बाजारात 'वांधा' म्हणतात. शेतकऱ्याचा अर्धा माल खाली पडलेला, ट्रॅक्टरचे भाडे चढत असलेले, परत न्यावा तर लिलाव संपलेला. अशा वेळी तो काय करणार? भावात पडते घेतो आणि घरी जातो.

वांधा नेहमीच खोटा असतो, असे नाही. चांगला माल वर आणि उकिरड्याचा खाली, असे भरणारे महाभागही आपल्यातच आहेत. म्हणूनच या तंट्यांचा निवाडा करण्याची सोय ठेवलेली आहे. पण निवाडा करणारा माणूस त्या क्षणी खळ्यावर हजर पाहिजे. तो दुपारी चार वाजता आला, तर तोवर शेतकऱ्याने तोटा पत्करलेला असतो. म्हणून मी म्हणतो, चांगला संचालक ओळखायचा तो सभेतल्या भाषणावरून नव्हे, लिलावाच्या वेळी तो कुठे उभा असतो, यावरून.

दुसरा महत्त्वाचा माणूस म्हणजे समितीचा सचिव. हा निवडून आलेला नसतो, पगारी असतो. सभापती येतात आणि जातात, सचिवाची वही चालूच राहते. व्यापारी, अडते, मापाडी, हमाल या सर्वांना समितीचा परवाना लागतो. ज्याने शेतकऱ्याचे पैसे बुडवले, त्याचा परवाना स्थगित किंवा रद्द करण्याचा अधिकार समितीला आहे. माल विकला त्याच दिवशी पैसे हाती पडावेत, हा नियम आहे. मात्र नियम पुस्तकात असतो आणि तक्रार अर्जात असते. दोघांची गाठ घालून देण्याचे काम सचिवाचे. तो ताठ असेल तर समितीला कणा असतो. तो कुणाच्या तरी मुठीत असेल, तर पंधरा जागांचाही उपयोग होत नाही. आणि कारभार अगदीच बिघडला, तर मंडळ बरखास्त होते आणि प्रशासक येऊन बसतो. मग लोकांनी निवडलेल्यांचा आवाज तेवढ्यापुरता बंदच होतो.

आता ज्याची समितीत एकच जागा आहे, त्या हमाल-मापाड्याकडे वळू. शंभर किलोचे ओझे पाठीवर घेणाऱ्या या माणसाला पूर्वी ना ठरलेली मजुरी होती, ना म्हातारपणाची सोय. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी कामगारांना संघटित केले. १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला आणि या कष्टकऱ्यांना मजुरीचे व भविष्यनिर्वाहाचे संरक्षण मिळाले. काही शेतकऱ्यांना वाटते, हमाली वाढली म्हणजे आपल्या खिशातून गेली. पण जरा विचार करा. मापाडी हा काट्यापाशी उभा असलेला तिसरा माणूस आहे. त्याची मजुरी आणि त्याचा परवाना सुरक्षित असेल, तर तो कुणाच्याही दबावाशिवाय काटा वाचील. तो लाचार असेल, तर काटा त्याच्या हातात असूनही त्याचा राहणार नाही, आणि तुमचा तर नाहीच नाही.

बायकांविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. कांद्याची लागण, खुरपणी, काढणी, निवड, यांतले कितीतरी काम बायकांच्या हातून होते. आवारात मात्र पुरुषच पुरुष दिसतात. सोसायटी मतदारसंघाच्या अकरा जागांपैकी दोन महिलांसाठी राखीव आहेत. त्या जागांवर आलेल्या भगिनींना माझी विनंती आहे : सभेला स्वतः जा. सहीपुरते नाव तुमचे आणि बोलणे घरातल्या कारभाऱ्याचे, असे होऊ देऊ नका. आवारात बायकांना बसायला सावली आहे का, पाण्याची आणि शौचालयाची सोय आहे का, हे प्रश्न तुम्ही विचारले नाहीत, तर दुसरे कोण विचारणार?

अलीकडे बाजाराची रीतही बदलते आहे. जुलै २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला समितीच्या आवाराबाहेर विकण्याची मोकळीक मिळाली, आणि या मालावरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी, असे ठरले. त्याच वर्षी राज्याच्या पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराची योजना हाती घेतली. शेतकऱ्यांच्या गटांनी शहरात माल न्यायचा आणि गिऱ्हाइकाला थेट विकायचा. इथे अडत्या नाही, लिलावही नाही. पण कारभारी इथेही लागतोच. कोणाची गाडी कुठे लावायची, शिळा माल कोणी परत न्यायचा, उरलेल्या भाजीचे काय करायचे, हे कोणीतरी न चिडता ठरवावे लागते. गटाचा प्रमुख स्वतःचा माल आधी मोक्याच्या जागी मांडू लागला, की गट फुटायला वेळ लागत नाही. बाजार तीनशे एकरांचा असो की तीस टोपल्यांचा, 'माझे मागून' म्हणणारा माणूसच तो चालवू शकतो.

शेवटी दोन शब्द माझ्या शिक्षकबंधूंसाठी. आपण वर्गात नफा-तोट्याची गणिते घालतो. ती कुठल्या तरी पुस्तकातल्या रामलाल व्यापाऱ्याची असतात. त्याऐवजी मुलांना घरून बाजाराची जुनी पट्टी आणायला सांगा. समजा, वीस क्विंटल कांदा गेला आणि क्विंटलमागे एक किलो कडता धरला. किती कांदा गेला? वीस किलो. भाव दीड हजार रुपये क्विंटल असेल, तर किती रुपये गेले? तीनशे. आणि हा कडता कोणत्या नियमाने धरला? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सापडणार नाही. ते शोधायला मुलगा बापाकडे जाईल, बाप अडत्याकडे जाईल, आणि कदाचित सचिवाकडेही जाईल. बाजारफी खरेदीदाराने द्यायची असते, ती विकणाऱ्याच्या पट्टीतून कापायची नसते, एवढे जरी सातवीतल्या मुलीला ठाऊक झाले, तरी तिच्या घरची पट्टी पुढच्या वेळी कोणी न वाचता खिशात घालणार नाही.

तेव्हा शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, पुढच्या खेपेला बाजारात जाल, तेव्हा भावाबरोबर आणखी तीन गोष्टी विचारून या. आपल्या सोसायटीचे मत बाजार समितीच्या निवडणुकीत कोणाला गेले? आज लिलावाच्या वेळी आपल्या पंधरांपैकी कोण आवारात हजर होता? आणि समितीचा वार्षिक हिशेब आपल्याला कुठे पाहायला मिळेल? पहिल्या दिवशी उत्तर मिळेलच, असे नाही. दोन-चार जण हसतीलही. पण महिन्याभरात दहा गावांतल्या दहा शेतकऱ्यांनी हेच तीन प्रश्न विचारले, तर कारभाऱ्यांना आवारात लवकर यावे लागेल.